एलिस बेटावर आडनावं बदलत नव्हती

‘पणजोबा न्यूयॉर्कला उतरले आणि एलिस बेटावरच्या कारकुनाने त्यांचं आडनावच बदलून टाकलं’, ही गोष्ट अमेरिकेतल्या कितीतरी घरांत सांगतात. ऐकायला छान आहे, पण न्यूयॉर्क बंदरातल्या या बेटावर स्थलांतरितांची तपासणी होई, आणि तिथले अधिकारी नव्याने नावं लिहीत नसत. प्रवाशांची यादी जहाज कंपनीची माणसं निघतानाच्या बंदरावर करत. बेटावर ती समोर ठेवून फक्त पडताळणी व्हायची. दुभाषेही हजर असत.

मग श्मिटचा स्मिथ झाला कधी? बहुधा पुढे, नोकरीसाठी किंवा दुकानाच्या पाटीवर, स्वतःहूनच. तपासायचं तर जहाजाची यादी काढा, मग अमेरिकेची १९०० ची जनगणना. तिच्यात आगमनाचं वर्षही विचारलेलं आहे. यादीत जुनंच आडनाव दिसलं, तर बदल नंतरचा. आणि पणजोबा १८८० साली आले असतील, तर बेटावरचं केंद्र उघडलंच १८९२ मध्ये!