छताच्या पंख्याचा खरा भार

अठ्ठेचाळीस इंची, म्हणजे १२०० मिलिमीटरचा पंखा पात्यांसकट साधारण चार ते पाच किलो भरतो. स्लॅबमध्ये नीट बसवलेल्या १२ मिलिमीटर सळईच्या हुकाला एवढं वजन काहीच नाही. सिमेंटचं भरलेलं पोतं टांगलं तरी तो हूं की चूं करणार नाही. तरीही पंखे पडतात, कारण वजन हा हुकावरचा सगळ्यात किरकोळ भार. पंख्याचं हलणं हा खरा भार.

हिशेब सोपा आहे. समजा एका पात्यावर, मधल्या दांडीपासून अर्ध्या मीटरवर, फक्त १० ग्रॅम वजन जास्त आहे. पंखा मिनिटाला ३५० फेरे मारत असेल, तर तेवढ्या दहा ग्रॅममुळे दांडीला सुमारे ६.७ न्यूटन, म्हणजे जवळपास ७०० ग्रॅम वजनाइतका ओढा बाहेरच्या बाजूला बसतो. हा ओढा एका जागी थांबत नाही, पात्याबरोबर गोल फिरतो, सेकंदाला जवळपास सहा वेळा. रात्री आठ तास पंखा चालला की जोडाला १ लाख ६८ हजार हिसके बसले. त्यात पंखा सुरू होताना मोटार पात्यांना एका बाजूला ढकलते आणि दांडीला उलटा पीळ देते. नट सैल व्हायला आणखी काय लागतं?

म्हणून पंख्यात सगळ्यात महत्त्वाचा भाग कुठला, तर दोन स्प्लिट पिना, म्हणजे भोकात घालून पाय वाकवायच्या दोन पायांच्या पिना. दांडीच्या वरच्या टोकाला यू आकाराची पट्टी असते. तिच्यात रबरी रीळ बसतं, रीळ हुकात अडकतं, आरपार बोल्ट जातो, त्यावर नट आणि नटापुढच्या भोकात पिन. खाली मोटारीच्या मानेत दांडी शिरते, तिथंही बोल्ट, नट, पिन, शिवाय बाजूनं एक लॉक स्क्रू. दोन्ही जागा कटोरीखाली, म्हणजे दांडीवर सरकणाऱ्या वाटीसारख्या झाकणाखाली, झाकल्या जातात, त्यामुळे बसवणाऱ्यानं काय केलं ते नंतर कुणाला दिसत नाही. पिनचे दोन्ही पाय उलट दिशांना पूर्ण वाकवलेले हवेत. पिन हरवली म्हणून खिळा किंवा वायरचा तुकडा घालून वेळ मारून नेणं सर्रास चालतं. कटोरी वर सरकवण्याआधी घरच्या माणसानं स्वतः पाहून घ्यावं, वायरमनला राग आला तरी चालेल.

रबरी रीळ दुसरं. उन्हाळ्यात स्लॅब किंवा पत्रा तापला की त्याखालचं रबर वर्षावर्षाला कडक होत जातं, मग चिरतं. एकदा रबर गेलं की हुकाचं लोखंड आणि बोल्टचं लोखंड एकमेकांना खात बसतं. ‘कट्‌ कट्‌’ असा आवाज वरून, हुकाच्या बाजूनं येत असेल तर बहुधा हेच. पंखा उतरवला की रीळ आणि बोल्ट दोन्ही बदलून टाकावेत, खर्च अगदीच किरकोळ येतो.

आता छताकडे. नवीन बांधकामात स्लॅब टाकायच्या आधीच फॅन बॉक्स, म्हणजे हुकाची सळई असलेला डबा, बसवतात. त्यातली सळई १२ मिलिमीटरची आहे का आणि तिची दोन्ही टोकं स्लॅबच्या जाळीवरून जाऊन बायंडिंग तारेनं बांधली आहेत का, एवढं पाहावं. नुसती काँक्रीटमध्ये रुतवलेली सळई चालत नाही. जुन्या स्लॅबला हूकच नसेल तर १० मिलिमीटरचा अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) मारता येतो, पण भोकातली भुकटी फुंकून पूर्ण काढल्याशिवाय फास्टनर धरत नाही. ड्रिल सळईला लागलं तर जागा थोडी बाजूला घ्यावी. स्लॅबला ओल असेल, पोपडे सुटले असतील, गंजलेली सळई दिसत असेल, तर तिथं फास्टनरचा विचारही नको. बसवल्यावर पंखा चढवण्याआधी २५ ते ३० किलोचं पोतं दहा मिनिटं टांगून बघावं, आणि तेवढा वेळ खाली कुणी उभं राहू नये.

माळवदाची, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेली, घरं १९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतर कमी झाली, पण धाराशिव, लातूर, बीडकडे जुन्या वाड्यांत अजून पंखे तुळईलाच लटकतात. तुळईच्या पोटात खालून आकड्याचा स्क्रू पिळणं ही तिथली नेहमीची चूक. हिसक्यांनी स्क्रूचे आटे लाकूड कुरतडतात आणि तो हळूहळू खाली उतरतो. त्याऐवजी जाड लोखंडी पट्टी यू आकारात वाकवून तुळईला खालून कवेत घ्यावी आणि तुळईच्या मध्यउंचीवरून आडवा आरपार बोल्ट टाकावा, दोन्हीकडे रुंद वॉशर घालून. हूक त्या पट्टीला. त्याआधी पेचकसाचं टोक तुळईत जागोजागी दाबून बघावं. टोक सहज आत शिरलं तर आत वाळवी किंवा कूज आहे, तिथं पंखा नाही.

पत्र्याच्या खोलीत पत्रा धरणाऱ्या इंग्रजी ‘J’ आकाराच्या हुकाला किंवा बारीक अँगलच्या मधोमध पंखा टांगतात. पंख्याबरोबर अँगल थरथरतो, पत्र्याचे बोल्ट सैल होतात आणि पावसाळ्यात गळती तिथूनच सुरू होते. दोन भिंतींवर टेकवलेला स्वतंत्र चौकोनी पाइप घेऊन त्याला वेल्ड केलेला हूक हा खरा उपाय.

उंचीचं माप पाठ असू द्या: पंख्याचा सगळ्यात खालचा भाग जमिनीपासून किमान २.४ मीटर, म्हणजे आठ फूट, आणि पाती छतापासून किमान ३० सेंटिमीटर. पाती छताला चिकटून असली तर वरून ओढायला हवाच मिळत नाही, पंखा नुसता फिरतो.

विजेचं काम सुरू करताना मराठवाड्यातल्या घरांत एक सापळा असतो, इन्व्हर्टरचा. मेन स्विच पाडला, लाइट गेली असं वाटतं, पण पंख्याची लाइन इन्व्हर्टरवर असते आणि ती जिवंतच राहते. आधी इन्व्हर्टर बंद करायचा, मग मेन, मग टेस्टर लावून बघायचं. तो टेस्टर चालतो का, हे आधी चालू प्लगवर तपासलेलं हवं. स्विच आणि रेग्युलेटर फेजवरच असायला हवेत. न्यूट्रलवर असतील तर बटण बंद असूनही मोटार फेजला जोडलेली राहते आणि कुणीतरी पाती पुसायला चढतं.

मोटारीतून तीन वायरी येतात, रंग कंपनीगणिक वेगळे. मल्टिमीटरनं दोन-दोन वायरींमधला रोध मोजावा. ज्या जोडीत तो सगळ्यात जास्त, त्यांच्यामध्ये कंडेन्सर, म्हणजे मोटारीला फिरायला जोर देणारा छोटा डबा. उरलेली तिसरी कॉमन, म्हणजे मोटारीतल्या दोन्ही वाइंडिंगची (तारेच्या गुंडाळ्यांची) सामाईक. कॉमनशी कमी रोध दाखवते ती रनिंग, दुसरी स्टार्टिंग, आणि सप्लाय कॉमन व रनिंगला द्यायचा. चुकून स्टार्टिंगला दिला तर पंखा उलटा फिरतो आणि हवा वर फेकतो. कंडेन्सर बहुतेक पंख्यांत २.५ मायक्रोफॅरडचा असतो, पण मोटारीवर जो आकडा असेल तोच घ्यावा. वेग वाढेल म्हणून मोठा टाकला की वाइंडिंग तापतं. वायरी पिळून नुसती टेप गुंडाळणं टाळावं, हलण्यानं जोड सैल होऊन तापतो. कनेक्टरच वापरावा.

हातानं ढकलल्यावर फिरणारा पंखा म्हणजे बहुधा थकलेला कंडेन्सर. पण संध्याकाळी सगळ्या गल्लीचे कूलर आणि शेतातल्या मोटारी एकदम चालू असताना पंखा मंदावला, तर कंडेन्सरला दोष देऊ नका. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) प्रमाणात बदलतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले की जोर जवळपास ६१ टक्क्यांवर येतो.

जुना साधा पंखा ७५ वॅटचा, म्हणजे अँपिअरचा तिसरा भागच ओढतो. बॉडीत करंट उतरला आणि अर्थिंग धड नसलं तर ६ अँपिअरचा एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, तो माणसासाठी नसतोच. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (जमिनीकडे गळणारा करंट ओळखून लाइन तोडणारा स्विच) आणि खरोखर चालणारं अर्थिंग लागतं. काळी जमीन एप्रिल-मेमध्ये भेगाळते आणि अर्थिंगचा रोध वाढतो, तेव्हा त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावं.

शेवटी पाती. एका पंख्याची तीन पाती कारखान्यात वजन जुळवून एकत्र दिलेली असतात, दुसऱ्या पंख्याचं पातं त्यात घालू नये. एका खुणेपाशी हातानं पाती फिरवून प्रत्येक टोकाचं छतापासूनचं अंतर मोजावं. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर त्या पात्याच्या बुडाशी पातळ वॉशर घालून जुळवावं. तरीही डुलत असेल तर आधी धूळ पुसून बघावी, मगच वजन चिकटवावं. बसवल्यावर महिन्याभरानं कटोऱ्या खाली ओढून दोन्ही नट आणि पिना एकदा बघाव्यात, नंतर दरवर्षी उन्हाळा लागायच्या आधी.