गूल्ड, ग्लेन

(२५ सप्टेंबर १९३२ – ४ ऑक्टोबर १९८२). कॅनडाचे पियानोवादक. जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाखच्या रचनांचे वादक म्हणून त्यांची जगभर ख्याती आहे. कीर्ती शिगेला असताना वयाच्या ३१व्या वर्षी त्यांनी मैफली कायमच्या सोडल्या, हे त्यांचे दुसरे वेगळेपण. दोहोंच्या मुळाशी एकच ध्यास होता : संगीतातली प्रत्येक ओळ सुटी, स्वच्छ ऐकू यावी.

जन्म टोरांटोचा. पियानोचे पहिले धडे आईकडे घेतले. जे वाजवायचे ते गात वाजवायचे ही सवय तिच्याच शिकवणीतली, आणि ती आयुष्यभर सुटली नाही. त्यांच्या ध्वनिमुद्रिकांत पियानोमागे त्यांचे गुणगुणणे ऐकू येते. काही रसिकांना ते खटकते. पण हात काय शोधताहेत हे त्या गुणगुणण्यातूनच कळते. १९४३च्या सुमारास ते चिलीत जन्मलेले शिक्षक अल्बेर्तो गेरेरो यांच्याकडे शिकू लागले. गेरेरो एक विलक्षण रियाज करून घेत. एक हात पट्ट्यांवर सैल ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने त्याचे एकेक बोट खाली दाबायचे. पट्टी तळाला जाते आणि बोट आपोआप उसळून वर येते. खांद्याचा, दंडाचा जोर लागतच नाही. गूल्डच्या वादनातले मोत्यासारखे सुटे स्वर या तालमीचे फळ.

यासाठी बैठकही खाली हवी. १९५३ मध्ये वडिलांनी घडीच्या एका लाकडी खुर्चीचे पाय सुमारे ४ इंच कापले आणि उंची कमीजास्त करता यावी म्हणून त्यांना स्क्रू बसवले. जमिनीपासून जेमतेम १४ इंचांवर बसून, नाक पट्ट्यांजवळ नेऊन गूल्ड वाजवीत. पुढे बसायची गादी फाटून गेली आणि नुसता सांगाडा उरला, तरी त्यांनी तीच खुर्ची वापरली. वाजवण्याआधी ते हात गरम पाण्यात बुडवून ठेवीत आणि उन्हाळ्यातही कोट-हातमोजे घालीत. वर्तमानपत्रांनी या लहरींवर पुष्कळ लिहिले. खुर्चीची गोष्ट मात्र लहरीच्या खात्यात टाकता येत नाही, कारण ती त्यांच्या वादनतंत्राचाच भाग होती.

११ जानेवारी १९५५ रोजी न्यू यॉर्कच्या टाउन हॉलमध्ये त्यांचे वादन झाले आणि दुसऱ्याच दिवशी कोलंबिया रेकॉर्ड्सने त्यांना करारबद्ध केले. कोलंबियाकडच्या पहिल्या तबकडीसाठी गूल्ड यांनी बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ची निवड केली. एक शांत सुरावट, तिच्या पायावर रचलेली ३० रूपे आणि शेवटी पुन्हा तीच सुरावट, अशी या रचनेची बांधणी आहे. १७४१ मध्ये छापलेली ही रचना पट्ट्यांच्या दोन ओळी असलेल्या हार्पसिकॉर्ड या पियानोआधीच्या वाद्यासाठी आहे. पियानोवर ओळ एकच असल्याने दोन्ही हात एकमेकांवर आदळतात. बाखच्या संगीतात एक गाणारा आणि बाकीचे साथीला, असे नसते. दोन-तीन सुरावटी बरोबरीने चालतात आणि एकीने मांडलेला विषय दुसरी उचलते. आपल्या कानाला एका सुरावटीच्या बढतीची सवय, म्हणून हे आधी गर्दीसारखे वाटते. गूल्डच्या हाताखाली प्रत्येक सुरावटीला तिची वाट मोकळी मिळते. ती मुद्रिका १९५६ मध्ये आली आणि २३ वर्षांचा हा तरुण जगप्रसिद्ध झाला.

१९५७ मध्ये त्यांनी मॉस्को आणि लेनिनग्राड गाजवले. मॉस्कोच्या विद्यार्थ्यांना त्यांनी शोनबर्ग आणि वेबर्न या ऑस्ट्रियाच्या आधुनिक संगीतकारांच्या रचना वाजवून दाखवल्या. तिथल्या सरकारला हे संगीत मान्य नव्हते. ६ एप्रिल १९६२ रोजी कार्नेगी हॉलमध्ये जर्मन संगीतकार ब्राम्सच्या पहिल्या कॉन्चेर्तोआधी (पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) वाद्यवृंदाचे संचालक लेनर्ड बर्नस्टाइन यांनी श्रोत्यांना सांगितले, की गूल्ड यांची संथ लय आपल्याला पटलेली नाही. तरीही दोघांनी ती रचना एकत्र सादर केली.

१० एप्रिल १९६४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्यांची शेवटची मैफल झाली. मैफलीतला श्रोता वादकाच्या पडण्याची वाट पाहत असतो, असे त्यांचे मत होते. त्यात अतिशयोक्ती आहे. त्यांनी स्टुडिओत काय केले, ते अधिक महत्त्वाचे. बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लाव्हिअर’ या संग्रहाच्या पहिल्या खंडातल्या ए मायनर फ्यूगची (एकच विषय सुरावटी एकामागून एक उचलतात अशी रचना) अनेक ध्वनिमुद्रणांपैकी दोन चांगली झाली होती. सहावे धीरगंभीर, सुरांना सूर जोडलेले; आठवे तुटक आणि चपळ. एकटे कुठलेच पुरे पडेना. तेव्हा सुरुवात आणि शेवट सहाव्यातून, मधला भाग आठव्यातून घेऊन फीत कापून जोडली. लय दोन्हींत जवळजवळ एकच असल्याने सांधा कळत नाही. तपश्चर्येने मिळवलेले सादरीकरण कात्रीने पुरे करणे काहींना अप्रामाणिक वाटले. गूल्डना तो दिग्दर्शकाचा न्याय्य अधिकार वाटे. याच काळात त्यांनी कॅनडाच्या आकाशवाणीसाठी ‘द आयडिया ऑफ नॉर्थ’ (१९६७) रचले. त्यात उत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशाविषयी बोलणाऱ्या माणसांचे आवाज फ्यूगसारखे एकमेकांवर चढतात.

१९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या सोनेरी तबकडीवर गूल्डनी वाजवलेला बाखचा सी मेजर प्रेल्यूड आणि फ्यूग आहे. त्याच तबकडीवर गोव्याच्या केरीत जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे.

१९८१ मध्ये गूल्डनी पहिली गोल्डबर्ग जिथे केली त्याच न्यू यॉर्कच्या स्टुडिओत ती पुन्हा ध्वनिमुद्रित केली. पहिली सुमारे ३८ मिनिटांची, दुसरी ५१ मिनिटांची. काही भागांची आवर्तने या वेळी घेतली, पण खरा फरक लयीचा आहे. सुरुवातीची सुरावट इतकी विलंबित, की पुढचा सूर येईल की नाही असे वाटावे. माझ्या मते हीच श्रेष्ठ. ती सप्टेंबर १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच महिन्यात, पन्नाशी पुरी होऊन दोनच दिवस झाले असताना, गूल्डना पक्षाघाताचा झटका आला आणि आठवड्याभरात टोरांटोतच ते गेले. माउंट प्लेझंट दफनभूमीतल्या त्यांच्या थडग्यावर त्या सुरावटीचे सुरुवातीचे सूर कोरले आहेत.