बशीतला सिकलसेल

नांदेडहून आदिलाबादकडे जाणारी गाडी भोकर, हिमायतनगर मागे टाकून किनवटच्या पट्ट्यात शिरली, की मराठवाड्याचा चेहरा बदलतो. सपाट काळे रान संपते, सागवान सुरू होते आणि गोंड, कोलाम, परधान, आंध अशा समाजांच्या वस्त्या लागतात. इथल्या सरकारी दवाखान्यातल्या बाकावर बसले, तर एक तक्रार हमखास कानी पडते : "लेकराचे हातपाय लई ठणकायलेत, अन् डोळेबी पिवळे दिसायलेत." आधी कावीळ समजून झाडपाला होतो, मग वात समजून मालिश होते. बरेच दिवस गेल्यावर कोणीतरी रक्त तपासायला सांगते आणि कार्डावर 'एसएस पॅटर्न' असा शेरा येतो. म्हणजे सिकलसेल, आई आणि बाप दोघांकडून जनुक आल्यावर होणारा रक्ताचा आजार.

सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झाले. उद्दिष्ट 2047 चे आहे, आणि आदिवासीबहुल भागांतल्या सात कोटी लोकांची तपासणी करायचे तेव्हा ठरले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने याच आजारावर क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या तंत्राने जनुक-संपादन करणाऱ्या पहिल्या उपचाराला परवानगी दिली. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने अठरा कोटी रुपयांच्या घरात. बातमी मोबाईलवरून किनवटलाही पोचली. "म्हणजे आता हे बरं होतं का?" असे लोक विचारतात. 'हो, पण' असे उत्तर देऊन मोकळे होता येते. पण त्या 'पण'मागे सत्तर-पंचाहत्तर वर्षांची गोष्ट आहे, आणि ती औषधापेक्षा बशीची जास्त आहे : माणसाचा आजार माणसाबाहेर, काचेच्या बशीत वाढवून बघायला माणूस कसा शिकला त्याची.

आधी थोडा भूगोल. सिकलसेल हा विदर्भाचा आजार, अशी आपल्याकडे ठाम समजूत आहे. तिला कारणही आहे. भारतात त्याची नोंद पहिल्यांदा 1952 मध्ये झाली, निलगिरीच्या आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांत. पुढे 1958 मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी नागपूर भागातली नोंद 'लॅन्सेट'मध्ये छापली, तेव्हापासून नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली ही नावे या आजाराला चिकटली. किनवट तेव्हा नुकतेच नांदेडचे झाले होते. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत ते हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. त्याच्याबरोबर आलेले राजुरा पुढे चंद्रपूरला गेले, किनवट मराठवाड्यात राहिले. सरहद्द बदलली म्हणून रक्त बदलत नाही. पण मराठवाड्याच्या आरोग्याची चर्चा दुष्काळ, टँकर आणि कुपोषणाभोवती फिरत राहिली, आणि नांदेडच्या या टोकाचा आजार शेजारच्या घरचा मानला गेला.

आजाराचे कारण शोधायला मात्र फार वेळ लागला नव्हता. 1910 मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींचे वर्णन छापले. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. 1956-57 मध्ये व्हर्नन इंग्रम यांनी तो दोष नेमका पकडला : बीटा ग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अॅसिडऐवजी व्हॅलिन. डीएनएच्या भाषेत एका अक्षराचा फरक. ऑक्सिजन सोडल्यावर असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते, त्याच्या काड्या बनतात, पेशी ताठ होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि लेकराचे हातपाय ठणकतात.

म्हणजे जवळपास सत्तर वर्षे कारण हाती आहे. तरी आजाराच्या मुळावरचे औषध का नव्हते? रुग्णाचे रक्त काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर दिसतो तो आजाराचा शेवट, तयार झालेली पेशी. ती घडते कुठे? हाडाच्या मगजात. घडताना तिथे काय होते, कोणते जनुक कधी चालू होते आणि कधी बंद, हे बघायचे तर घडणारी पेशी समोर हवी. जिवंत लेकराच्या मगजात रोज कोण डोकावणार?

म्हणून उंदीर आला. 1981 मध्ये मार्टिन इव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन यांनी उंदराच्या गर्भातल्या मूलपेशी, म्हणजे ज्यांपासून शरीरातली कोणतीही पेशी घडू शकते अशा 'स्टेम सेल', प्रयोगशाळेत वाढवल्या. त्याच दशकात मारिओ कापेकी आणि ऑलिव्हर स्मिथीज यांनी पेशीतले ठरावीक जनुक हेरून बदलण्याची पद्धत बसवली. इव्हान्स, कापेकी आणि स्मिथीज यांना त्यासाठी 2007 चे नोबेल मिळाले. सिकलसेलमध्ये मात्र उंदराने बराच त्रास दिला, कारण उंदराचे हिमोग्लोबिन विळे बनवतच नाही. त्याची स्वतःची ग्लोबिन जनुके काढून माणसाची बसवावी लागली, तेव्हा कुठे 1997 मध्ये अमेरिकेतल्या दोन वेगवेगळ्या गटांनी सिकलसेलचा उंदीर तयार केला.

या उंदराने बरेच शिकवले. पण सगळ्यात महत्त्वाच्या ठिकाणी तो अपुरा पडला, आणि ते ठिकाण 1948 पासून माहीत होते. ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांच्या तेव्हा लक्षात आले होते की सिकलसेल असलेल्या तान्ह्या बाळांच्या पेशी सहसा विळ्यासारख्या होत नाहीत. बाळाच्या रक्तात गर्भातले हिमोग्लोबिन असते, आणि ते काड्या बनू देत नाही. सहा-आठ महिन्यांत शरीर ते बनवणे कमी करते, मोठेपणीचे हिमोग्लोबिन त्याची जागा घेते, आणि आजार डोके वर काढतो. म्हणूनच "बाळ वर्षाचं होईस्तोवर चांगलं गुटगुटीत होतं हो" असे कितीतरी आया सांगतात. त्या वॉटसन यांचेच निरीक्षण सांगत असतात. ही अदलाबदल माणसात होते तशी उंदरात होत नाही, कारण माणसासारखे वेगळे गर्भ-हिमोग्लोबिनच त्याच्याकडे नाही. गाठ इथे होती आणि उंदीर नेमका इथेच मुका होता. माणसाचीच पेशी हवी होती.

1998 मध्ये जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातल्या मूलपेशी वाढवल्या आणि नैतिकतेचा मोठा वाद उभा राहिला. तो वाद बाजूला ठेवला तरी त्या पेशी एखाद्या रुग्णाच्या नव्हत्या. कोंडी फोडली क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी. त्यांनी आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी चोवीस जनुकांची यादी घेतली, एकेक वगळत पाहिले आणि चारावर आले. ही चार जनुके उंदराच्या साध्या पेशीत घातली, की ती मागे फिरून मूलपेशीसारखी होते. हे 2006 चे. 2007 मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशीवर तेच जमले, 2012 मध्ये नोबेल आले. आता कोणत्याही रुग्णाच्या कातडीच्या कणापासून किंवा चमचाभर रक्तापासून मूलपेशी करता येणार होत्या आणि त्यांपासून मज्जातंतू, हृदयाचे स्नायू, रक्त. या तंत्राची पहिली मोठी परीक्षा सिकलसेलवरच झाली, हे फारसे कोणी सांगत नाही. डिसेंबर 2007 मध्ये रुडॉल्फ येनिश यांच्या गटाने सिकलसेलच्या उंदराच्या पेशी मागे फिरवल्या, त्यातले चुकलेले अक्षर दुरुस्त केले, त्यांपासून रक्तपेशी घडवल्या आणि त्याच उंदराला परत दिल्या. उंदीर सुधारला.

माणसाच्या पेशीत तेवढ्याच नेमकेपणाने अक्षर बदलणे अवघड होते. 2011 मध्ये झिंक फिंगर नावाच्या, डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या पण वापरायला किचकट आणि महागड्या हत्याराने रुग्णांच्या मूलपेशींत ती दुरुस्ती झाली. या दुरुस्तीचा बशीतला उपयोग औषधाइतकाच मोठा आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात खताची चाचणी घेतात तेव्हा एकाच वावरात शेजारी दोन वाफे ठेवतात; माती तीच, पाणी तेच, एकात खत आहे, दुसऱ्यात नाही. बशीतही तसेच. एकाच रुग्णाच्या पेशींचे दोन संच, हजारो जनुके जशीच्या तशी, फरक फक्त त्या एका अक्षराचा. मग जो फरक दिसेल तो त्या अक्षराचाच. दोन वेगवेगळ्या माणसांच्या पेशींची तुलना करून हे कधीच ठामपणे म्हणता आले नसते.

क्रिस्परने हेच काम सोपे आणि स्वस्त केले. त्याचा एक धागा आपल्या विरजणापर्यंत येतो. दही लावणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस या जिवाणूला विषाणूंचा त्रास होतो. दही-चीजच्या विरजणांवर काम करणाऱ्या डॅनिस्को कंपनीतल्या रोडोल्फ बारांगू आणि फिलिप होर्व्हाथ यांनी 2007 मध्ये सिद्ध केले की हा जिवाणू विषाणूच्या डीएनएचा तुकडा आठवण म्हणून स्वतःत जपतो आणि पुढच्या हल्ल्यात त्याच खुणेने शत्रू ओळखून कापतो. 2012 मध्ये एमान्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांनी या कात्रीला हव्या त्या जागी पाठवता येते हे दाखवले. 2013 च्या सुरुवातीला ती माणसाच्या पेशीत चालली. 2020 चे नोबेल या दोघींना मिळाले.

यानंतर रुग्णाची मूलपेशी आणि क्रिस्पर एकत्र आले आणि सगळे सुटले, असे लिहायचा मोह होतो. तसे झाले नाही. रुग्णाच्या मूलपेशीपासून बशीत तांबड्या पेशी बनवल्या, तर त्या मुख्यतः गर्भातलेच हिमोग्लोबिन बनवतात, मोठ्या माणसाचे फार थोडे. म्हणजे सिकलसेल अभ्यासायला घेतलेली पेशी वॉटसन यांच्या तान्ह्या बाळासारखी वागते. आजार दाखवतच नाही. खरे काम केले ते जरा कमी गाजलेल्या एका पेशीने. जपानमध्ये 2013 साली नाळेच्या रक्तापासून तांबड्या पेशींची न संपणारी एक वाण तयार झाली होती, हुडेप-2 नावाची. ती मोठ्या माणसाचे हिमोग्लोबिन बनवते.

दुसऱ्या बाजूने एक सुगावा लागलाच होता. सार्डिनिया बेटासारख्या ठिकाणच्या लोकांच्या जनुकांची छाननी करताना दिसले की बीसीएल11ए या जनुकाजवळचे फरक असलेल्यांच्या रक्तात गर्भ-हिमोग्लोबिन जास्त असते. 2008 मध्ये बोस्टनच्या स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने दाखवले की गर्भ-हिमोग्लोबिनचा दिवा विझवण्यात याच जनुकाचा हात आहे. पण हे जनुक सरसकट मारता येत नाही, शरीरात त्याची इतर कामेही आहेत. मग 2015 मध्ये हुडेप-2 पेशी घेऊन, क्रिस्परने त्या जनुकाच्या एका नियंत्रक पट्ट्यात जवळजवळ जागोजागी काप मारून पाहिले गेले. कोणत्या जागी काप बसला की तांबड्या पेशीत तेवढे बटण बंद होते? एक छोटी जागा सापडली. 2023 चे औषध त्याच जागी कापते. म्हणजे ज्या अक्षराने आजार होतो, त्याला हे औषध हातही लावत नाही; बाळपणीचे हिमोग्लोबिन परत चालू करते. ही वाट उंदराने दाखवली नसती. रुग्णाच्या मगजातल्या, रक्त घडवणाऱ्या मूलपेशी बाहेर काढायच्या, कापायच्या, कडक केमोथेरपीने मगज रिकामा करायचा आणि त्या परत सोडायच्या, असा हा उपचार. अठरा कोटी नसते तरी किनवटला तो झेपला नसता.

आपल्याकडे 'स्टेम सेल' म्हटले की नाळेचे रक्त साठवणाऱ्या कंपनीचे चकचकीत माहितीपत्रक आठवते, म्हणून एक खुलासा. सिकलसेल असलेल्या बाळाचे स्वतःचे नाळरक्त त्याच्याच आजाराला उपयोगी नाही, कारण चुकलेले अक्षर त्यातही असते.

आता किनवटचा प्रश्न. भारतात आणि पूर्व सौदी अरेबियात सिकलसेलचे जनुक ज्या जनुकीय पार्श्वभूमीवर बसले आहे, तिला अरब-भारतीय हॅप्लोटाइप म्हणतात. या लोकांत गर्भ-हिमोग्लोबिन मुळातच जास्त असते, म्हणून भारतातला आजार सौम्य, असे पाठ्यपुस्तकी मत बरीच वर्षे चालले. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी नोंदवलेली मुले मात्र सौम्य नव्हती; वारंवार दुखणे, वारंवार रक्त चढवणे. पार्श्वभूमी तीच, तरी एकाला त्रास आणि दुसऱ्याला नाही, हे कशाने होते? हा प्रश्न शेजारच्या दोन वाफ्यांचाच आहे. 2017 मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या गटाने सिकलसेल रुग्णांच्या मूलपेशींचा वैविध्यपूर्ण संग्रह प्रसिद्ध केला. रुग्ण अमेरिका, ब्राझील आणि सौदी अरेबियातले होते. अरब-भारतीय पार्श्वभूमी त्यात आली ती सौदी बाजूने.

देशात काम नाही असे नाही. बंगळुरूमध्ये मानसिक आजार असलेल्या भारतीय कुटुंबांच्या पेशींपासून मूलपेशी तयार झाल्या आहेत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजजवळच्या केंद्रात रक्ताच्या आनुवंशिक आजारांवर जनुक-संपादन चालते. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी जनुकशास्त्र संस्थेने फ्रान्सिसेला नोव्हिसिडा या जिवाणूची कात्री सुधारून सिकलसेलसाठी स्वदेशी उपचार विकसित केला. नोव्हेंबर 2025 मध्ये तो 'बिरसा 101' या नावाने जाहीर झाला आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे गेले. बिरसा मुंडांचे नाव देणे योग्यच. आता ज्यांच्या नावाने तो आहे त्यांच्या रक्तावर तो कसा चालतो, हे बशीत बघायला त्यांच्याच पेशी लागतील.

आणि तिथे गोष्ट पुन्हा बाकावर येते. 1951 मध्ये बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स यांच्या पेशी त्यांना न विचारता घेतल्या गेल्या आणि आजही जगभर वाढतात. आपल्याकडे 2017 ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आहेत; मूलपेशींच्या संशोधनाला नैतिक समितीबरोबर वेगळ्या समितीचीही मंजुरी लागते, रुग्णाची माहितीपूर्वक संमती लागते. संमतीपत्र मराठीत असते. कोलामी बोलणाऱ्या आजीला 'मूलपेशी' कशी सांगायची, याचा शब्द मलाही सापडलेला नाही.

शिबिरात सिकलसेल हुडकणाऱ्या सोल्युबिलिटी चाचणीची नळी हातात धरतात आणि तिच्यामागे रेघा ओढलेला कागद ठेवतात. रेघा दिसल्या तर बरे, पाणी गढूळ होऊन झाकल्या गेल्या तर नमुना पुढच्या तपासणीला जातो. अशाच एका शिबिरात नातवाची नळी गढूळ झालेली पाहून एका आजीने तंत्रज्ञाला विचारले होते, "ह्या रगताचं पुढं काय करता तुमी?" तो म्हणाला, "नांदेडला पाठवतो." आजी म्हणाली, "अन् तिथून?"