एकदिवसीय क्रिकेटमधील पहिले द्विशतक

पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय एकदिवसीय क्रिकेटमधील पहिले द्विशतक २४ फेब्रुवारी २०१० रोजी ग्वाल्हेरच्या कॅप्टन रूपसिंग स्टेडियमवर झाले. भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका मालिकेतल्या या दुसऱ्या, दिवस-रात्र सामन्यात सचिन तेंडुलकरने १४७ चेंडूंत २५ चौकार आणि ३ षटकारांसह नाबाद २०० धावा केल्या. भारताने ५० षटकांत ३ बाद ४०१ धावा करून सामना १५३ धावांनी जिंकला.

यातला ‘पुरुषांच्या’ हा शब्द गाळता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने १६ डिसेंबर १९९७ रोजी मुंबईत, वांद्र्याच्या एमआयजी मैदानावर, डेन्मार्कविरुद्ध १५५ चेंडूंत नाबाद २२९ धावा केल्या होत्या. म्हणजे बारा वर्षांपूर्वीच हा पल्ला गाठला गेला होता, तोही भारतातच. ग्वाल्हेरच्या खेळीला नुसते ‘जगातले पहिले’ म्हणणारे मथळे म्हणूनच चूक ठरतात.

पहिला एकदिवसीय सामना मेलबर्नला ५ जानेवारी १९७१ रोजी झाला. तिथून पुरुषांच्या द्विशतकाला ३९ वर्षे का लागली, याचे उत्तर चेंडूंच्या हिशेबात आहे. ५० षटकांत ३०० चेंडू. शेवटपर्यंत टिकलेल्या सलामीवीराच्या वाट्याला त्यातले साधारण निम्मे, म्हणजे १५० येतात. तेवढ्यात २०० करायच्या तर शंभर चेंडूंमागे १३३ धावांचा वेग लागतो, आणि तो गाठताना बाद होऊन चालत नाही. वेग असलेले फलंदाज टिकत नसत, टिकणाऱ्यांकडे वेग नसे. व्हिव्हियन रिचर्ड्सची नाबाद १८९ (१९८४) बरीच वर्षे शिखर राहिली. पाकिस्तानच्या सईद अन्वरने मे १९९७ मध्ये चेन्नईत भारताविरुद्ध १९४ केल्या. पायात गोळे आल्याने त्याने शाहिद आफ्रिदीला धावक (फलंदाजाऐवजी धावा पळणारा) म्हणून घेतले होते. अखेर गांगुलीने त्याचा झेल टिपला, आणि गोलंदाज होता तेंडुलकर. २००९ मध्ये झिम्बाब्वेचा चार्ल्स कॉव्हेंट्री बांगलादेशविरुद्ध १९४ वर नाबाद राहिला. त्याचे चेंडूच संपले. अन्वर बाद झाला, कॉव्हेंट्रीचा डाव संपला. द्विशतक हुकण्याच्या मुख्य वाटा या दोनच.

तेंडुलकरच्या डावाचे चार तुकडे पाडले की खेळी कशी रचली गेली ते दिसते. पहिले अर्धशतक ३७ चेंडूंत, दुसरे ५३ चेंडूंत, तिसरे २८ आणि चौथे २९ चेंडूंत. वेग मध्येच उतरला, आणि नंतर पुन्हा चढला. सेहवाग ९ धावांवर परतला तेव्हा धावफलकावर २५ होत्या. मग दिनेश कार्तिकबरोबर (७९) १९४ धावांची भागी झाली. आकडा योगायोगाने जुन्या विक्रमाचाच. युसूफ पठाणबरोबर ८१, धोनीबरोबर अभंग १०१. डेल स्टेनला १० षटकांत ८९ धावा देऊन एकही बळी मिळाला नाही, पार्नेलने ९५ दिल्या.

चौकार-षटकारांच्या ११८ धावा २८ चेंडूंवर आल्या. उरलेल्या ८२ पळून, ११९ चेंडूंत. स्वतःच्याच धावांपुरते हे पळणे सुमारे दीड किलोमीटर भरते. जोडीदारांच्या धावा त्यात धरलेल्या नाहीत. वय ३६, शेवटी पायात गोळे, तरी त्याने धावक घेतला नाही. (धावकाची सोय पुढे ऑक्टोबर २०११ पासून बंदच झाली.)

खरी अडचण शेवटी आली. ४६व्या षटकात १९४ चा विक्रम मागे पडला, पण मग स्ट्राइकच मिळेना. धोनी सुटला होता: त्याने ३५ चेंडूंत ६८ केल्या. जवळजवळ नऊ षटकांच्या या भागीत तेंडुलकरला वीसही चेंडू मिळाले नाहीत. संघासाठी हे योग्यच होते, तरी प्रेक्षक धोनीच्या फटक्यांवर कुरकुरत होते. शेवटचे षटक लँगेवेल्टचे. तेंडुलकर १९९ वर, पण समोरच्या टोकाला. पहिल्या चेंडूवर धोनीचा षटकार. दुसरा त्याने लेगला टोलवला, सीमेवर हाशिम आमलाने अडवला, त्यामुळे एकच धाव निघाली. चौकार गेला असता तर टोक बदललेच नसते. तिसरा चेंडू तेंडुलकरने पॉइंटकडे हलकेच ढकलला आणि एक धाव काढली. पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधली पहिली २००वी धाव अशी एकेरी आहे.

त्या वेळचे नियम लक्षात घेतल्याशिवाय नंतरच्या द्विशतकांशी तुलना करू नये. २०१० मध्ये दोन्ही टोकांकडून एकच चेंडू वापरत आणि ३४ षटकांनंतर तो बदलत. पॉवरप्ले (क्षेत्ररक्षणावर जादा बंधने असलेली षटके) वगळता मैदानातल्या आतल्या वर्तुळाबाहेर पाच क्षेत्ररक्षक ठेवता येत. ऑक्टोबर २०११ पासून दोन नवे चेंडू आले. चेंडू कडक राहिल्याने फटके लांब जाऊ लागले, रिव्हर्स स्विंग (जुना चेंडू हवेत उलट दिशेने वळणे) जवळपास संपला. पुढच्या वर्षी बाहेरचे क्षेत्ररक्षक चारवर आले. रोहित शर्माची तिन्ही द्विशतके (२०९, २६४, नाबाद २०८) या बदलांनंतरची आहेत.

दुसरे द्विशतक इंदूरचे. ८ डिसेंबर २०११ रोजी होळकर स्टेडियमवर वीरेंद्र सेहवागने वेस्ट इंडिजविरुद्ध १४९ चेंडूंत २१९ केल्या. १७० वर डॅरेन सॅमीने त्याचा सोपा झेल सोडला नसता तर हा परिच्छेद लिहावा लागला नसता. भारत ५ बाद ४१८, आणि विजय पुन्हा १५३ धावांनीच. धावांचा पाठलाग करताना द्विशतक व्हायला मात्र ७ नोव्हेंबर २०२३ उजाडला: ग्लेन मॅक्सवेल, वानखेडे, नाबाद २०१.

शिंदे, होळकर, गायकवाड या मराठी संस्थानिकांच्या शहरांना अशा आकड्यांचे नवल नाही. १९४५-४६ च्या रणजी हंगामात इंदूरला होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ वर डाव सोडला. त्यात भांडारकर, सरवटे, जगदाळे, सी. के. नायडू, निंबाळकर आणि प्रतापसिंग अशी सहा जणांची शतके होती. प्रथम श्रेणीच्या एका डावात सहा शतके त्याआधी कधीच झाली नव्हती. पुढच्याच हंगामात बडोद्याला अंतिम सामन्यात विजय हजारे (२८८) आणि गुल महंमद (३१९) यांनी याच होळकर संघाविरुद्ध चौथ्या गड्यासाठी ५७७ जोडल्या. कोणत्याही गड्यासाठीचा हा जागतिक विक्रम २००६ पर्यंत टिकला.

ग्वाल्हेरचे ते मैदान मुळात हॉकीचे. ज्यांचे नाव त्याला आहे ते रूपसिंग म्हणजे ध्यानचंदांचे धाकटे बंधू. १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेविरुद्धच्या २४ गोलांपैकी १० त्यांचे. त्या द्विशतकानंतर शहरात पुढचा पुरुषांचा आंतरराष्ट्रीय सामना थेट ६ ऑक्टोबर २०२४ रोजी झाला, तोही शंकरपूरच्या नव्या माधवराव शिंदे स्टेडियमवर.