श्रावणबाळ असो की संजय गांधी, अडतं ते उत्पन्नाच्या दाखल्यापाशी

मागच्या वर्षी आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींना आधारकार्डाप्रमाणे 65 पूर्ण झाली आणि लाडकी बहीण योजनेतून त्या वयानेच बाहेर पडल्या. "आता म्हाताऱ्यांचं असतं ते करायचं का?" त्यांनी विचारलं. करायचं तर होतंच. पण लाडकी बहीणला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं आणि हे म्हाताऱ्यांचं जे असतं त्याला चालतं 21,000. वर्षाला! महिन्याचे झाले 1,750. पुण्यात एवढ्यात खोलीचं भाडंसुद्धा भागत नाही. मावशींचं प्रकरण ह्या आकड्याशीच अडलं, आणि त्यानंतर ओळखीतल्या ज्यांचे कागद पाहिले त्यांचंही बहुतेक तिथेच. म्हणून सुरुवात वयाच्या पुराव्यापासून न करता उत्पन्नापासून करा.

त्याआधी योजना कोणती, हे नक्की हवं. लोक सगळ्यालाच 'निराधारचे पैसे' म्हणतात, पण वाटा दोन आहेत. वय 65 पेक्षा कमी असेल आणि माणूस दिव्यांग, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, अनाथ किंवा क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग, एड्ससारख्या आजाराने कमावण्याजोगा उरला नसेल, तर संजय गांधी निराधार अनुदान योजना. 65 किंवा त्याहून जास्त वय असेल तर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. श्रावणबाळमध्ये पुन्हा दोन गट: दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव असेल तर गट अ, नसेल पण उत्पन्न 21,000 च्या आत असेल तर गट ब. गट अ मधल्यांना केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेचा वाटा मिळतो आणि उरलेले राज्य घालतं. हाती येणारी रक्कम दोन्ही गटांत सारखीच, महिना 1,500 रुपये. दिव्यांगांसाठी ती ऑक्टोबर 2025 पासून 2,500 झाली आहे, योजना दोहोंपैकी कुठलीही असो. संजय गांधीतला लाभार्थी 65 चा झाला की त्याला श्रावणबाळमध्ये वर्ग करतात, त्यामुळे दोन्हीकडून पैसे मिळतील असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. महिना 1,500 किंवा जास्त देणारी दुसरी सरकारी योजना चालू असेल तर लाडकी बहीणही मिळत नाही.

दिव्यांगांना उत्पन्नाची मर्यादा जरा सैल आहे, वर्षाला 50,000. बाकीच्यांना तेच 21,000. आणि हे उत्पन्न कुटुंबाचं धरतात, अर्जदाराचं एकट्याचं नाही. इथेच घोळ होतो. आजी मुलाकडे राहते, रेशनकार्ड एकच, मुलगा कंपनीत कामाला. मग आजीला स्वतःचा रुपया नसला तरी कागदावर ती निराधार ठरत नाही. हे योग्य की अयोग्य यावर बोलायला लागलो तर माहिती बाजूलाच राहील. मुलाचं चूल-घर खरोखर वेगळं असेल तर आधी रेशनकार्ड विभक्त करून घ्या, ते काम रेशनच्या परिमंडळ कार्यालयात होतं. कागदापुरतं विभक्त करायचं असेल तर मात्र चौकशीला तलाठी दारात येतो आणि शेजाऱ्यांनाही विचारतो, एवढं लक्षात ठेवा. तलाठ्याचं सरकारी नाव 2024 पासून ग्राम महसूल अधिकारी झालंय. कचेरीत अजून सगळे तलाठीच म्हणतात.

रेशनकार्डाचा रंगही बघा. महाराष्ट्रात पांढरं कार्ड म्हणजे वर्षाला एक लाखाच्या वर उत्पन्न. पांढरं कार्ड जोडून 21,000 चा दाखला मागितला तर टेबलावरचा माणूस कागद परत सरकवणारच. कार्ड जुनं असेल, तेव्हा नवरा नोकरीत असेल, आता परिस्थिती बदलली असेल, तर आधी कार्ड दुरुस्त करून घ्या. मावशींचं कार्ड केशरी होतं म्हणून ही एक फेरी वाचली.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो, नगरसेवकाच्या लेटरहेडवरचा चालत नाही. तो आपले सरकार पोर्टलवरून किंवा जवळच्या महा ई-सेवा केंद्रातून काढता येतो. स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्याचा अहवाल हे त्यातले मुख्य कागद. त्यासाठी पाचशेचा स्टॅम्प आणायला कुणी पाठवलं तर जाऊ नका. अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांवरचं मुद्रांक शुल्क राज्य सरकारने 2025 मध्ये माफ केलेलं आहे.

आता, जायचं कुठे? पुण्यात हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, कारण महापालिका एक आणि तालुके वेगवेगळे. पेठांत राहणाऱ्यांचा तालुका पुणे शहर, धायरी किंवा वाघोलीचा हवेली. सूस, म्हाळुंगे ही गावं 2021 मध्ये महापालिकेत आली, पण महसुली दृष्टीने ती मुळशीतच राहिली, म्हणजे तहसील कचेरी पौडला. पालिकेचा कर भरतो म्हणून सूसचे एक आजोबा दोनदा शुक्रवार पेठेतल्या मामलेदार कचेरीत येऊन गेले होते. घरातून निघण्यापूर्वी सातबारा किंवा रेशनकार्डावरचा तालुका वाचा, दोन बस वाचतील.

बाकीचे कागद त्या मानाने सरळ. महाराष्ट्रात किमान 15 वर्षं राहत असल्याचा पुरावा लागतो. रहिवासी दाखला मिळवताना जुनं रेशनकार्ड, मतदारयादीतली नोंद, लाइटबिलं उपयोगी पडतात. वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला उत्तम. दोन्ही नसतील, आणि त्या पिढीतल्या बायकांकडे ते बहुधा नसतातच, तर मतदारयादीचा उतारा, रेशनकार्डावरची नोंद किंवा सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा वयाचा दाखला चालतो. फक्त आधारवर विसंबू नका. कितीतरी म्हाताऱ्यांच्या आधारवर जन्मतारीख 1 जानेवारी आहे, कारण नोंदणीच्या वेळी माहीत नव्हती म्हणून कुणीतरी अंदाजे साल टाकलं. मुख्य म्हणजे सगळ्या कागदांवर नाव एकसारखं हवं. आधारवर शांताबाई, पासबुकात शांता आणि रेशनकार्डावर माहेरचं आडनाव, असं असेल तर अर्ज करण्याआधी आधार आणि बँक जुळवा.

दिव्यांगांसाठी आणखी एक कागद सगळ्यात मोलाचा, तो म्हणजे किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. स्वावलंबन पोर्टलवर फोटो, सही किंवा अंगठा आणि आधार देऊन अर्ज भरायचा, रुग्णालय निवडायचं आणि तपासणीला जायचं. पुण्यात ससून आणि औंधचं जिल्हा रुग्णालय ही ओळखीची ठिकाणं. कार्डाच्या रंगावरून टक्केवारी कळते: 40 च्या खाली पांढरं, 40 ते 79 पिवळं, 80 आणि पुढे निळं. पांढरं कार्ड असेल तर संजय गांधी योजनेत दिव्यांग म्हणून बसता येत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत आणि त्यांत पार्किन्सन्सही आहे. हात थरथरतात, घास तोंडापर्यंत जात नाही, तरी घरचे 'वयाचं आहे' म्हणून सोडून देतात. तसं करू नका, तपासणी करून घ्या. गुडघे दुखतात एवढ्यावर मात्र प्रमाणपत्र मिळत नाही. हालचाल किती टक्के गेली हे रुग्णालयातलं वैद्यकीय मंडळ मोजतं. जुनं कागदी प्रमाणपत्र असेल तर तेही पोर्टलवर चढवून यूडीआयडी करून घ्यावं, कारण टेबलावर आता तेच मागतात.

अर्ज ई-सेवा केंद्रातून किंवा तहसील कार्यालयात द्यायचा आणि पोच घ्यायची. ही पोच रेशनकार्डापेक्षा जपून ठेवा. तलाठ्याची चौकशी झाली की अर्ज तालुक्याच्या समितीपुढे जातो. समितीची बैठक काही रोज होत नाही, त्यामुळे दोन-चार महिने वाट पाहायची तयारी हवी. नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. 'त्रुटी आहे' एवढ्या तोंडी उत्तरावर घरी येऊ नका. मावशींना पहिल्यांदा हेच तोंडी सांगितलं गेलं होतं. लेखी मागितल्यावर कळलं, त्रुटी म्हणजे पासबुकाची झेरॉक्स पुसट होती. पैसे लवकर काढून देतो म्हणणारा माणूस कचेरीच्या बाहेर भेटतोच. त्याला फक्त त्याचं कमिशन लवकर मिळतं.

उत्पन्न 21,000 च्या वर निघालं तर सगळंच संपलं असं नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेला वय 65 आणि उत्पन्न दोन लाखांपर्यंत चालतं. एकदाच 3,000 रुपये खात्यात येतात, चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा यांसाठी. गेल्या तीन वर्षांत सरकारकडून तशी वस्तू घेतलेली नसावी. अर्ज समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे जातो, आणि खरेदीची पावती 30 दिवसांत द्यावी लागते, नाहीतर पैसे परत मागतात. औषधाच्या दुकानातून नुसत्या चिठ्ठीवर वॉकर आणू नका, पक्कं बिल घ्या. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान कार्डाला उत्पन्नाची अट नाही, तेही एका बाजूला करून टाका.

मंजुरीनंतरचं काम लोक विसरतात. पैसे थेट आधारला जोडलेल्या खात्यात येतात. त्यामुळे दोन-तीन बँकांत खाती असतील तर आधार कुठल्या खात्याशी जोडलाय ते बँकेत जाऊन विचारा. पैसे येत नाहीत म्हणणाऱ्या एका आजींचे पैसे सहा महिने जुन्या जनधन खात्यात पडून होते. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो चुकला की अनुदान थांबतं. म्हातारपणी बोटांचे ठसे उमटत नाहीत, तेव्हा केंद्रावर डोळ्यांवरून ओळख पटवणारं मशीन आहे का ते आधी फोन करून विचारा, मगच रिक्षा करा. मावशींचं नाव यादीत लागलं ते अर्जानंतर पाचव्या महिन्यात.