वसाहतकालीन आफ्रिकेची दुर्मिळ पुस्तके व हस्तलिखिते : संग्रह आणि जतन

युरोपीय सत्तांच्या अमलात आफ्रिकेत लिहिली-छापली गेलेली, किंवा त्या काळातल्या आफ्रिकेविषयी बाहेर प्रसिद्ध झालेली पुस्तके, अहवाल, नकाशे, पत्रे, रोजनिश्या आणि कचेऱ्यांची दप्तरे जमवणे, तपासणे व जतन करणे. संग्राहक या साहित्याला ‘आफ्रिकाना’ म्हणतात. बाजारात सर्वाधिक मागणी एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय प्रवाशांच्या पुस्तकांना असते. इतिहासाच्या दृष्टीने मात्र कारकून, दुभाषे, मिशनशाळांतले शिक्षक आणि व्यापारी यांच्या हातचे कागद अधिक मोलाचे. ते मुळातच थोडे उरले आहेत आणि त्यांची दुसरी प्रत नसते.

जुने पुस्तक दुर्मिळ असतेच, असे नाही. स्कॉटिश मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचे दक्षिण आफ्रिकेतील प्रवासांवरचे पुस्तक लंडनच्या जॉन मरे यांनी १८५७ मध्ये काढले, तेव्हा १२,००० प्रती निघाल्या आणि प्रकाशनाआधीच त्यांची मागणी नोंदली गेली होती. हे पुस्तक आजही सहज मिळते. मिळत नाही ती मूळ कापडी बांधणीतली, सर्व नकाशांसह असलेली स्वच्छ प्रत. उलट, ब्रिटिश संसदेपुढे १९१८ मध्ये ठेवलेला नैऋत्य आफ्रिकेचा (आजच्या नामिबियाचा) अहवाल (संसदीय क्रमांक सीडी ९१४६) केवळ सरकारी ‘ब्लू बुक’ होता. जर्मन राजवटीत हेरेरो व नामा लोकांवर झालेल्या अत्याचारांच्या, वाचलेल्या माणसांनी शपथेवर दिलेल्या जबान्या त्यात होत्या. जर्मन वसाहतवाल्यांशी समेट साधण्यासाठी १९२६ मध्ये विंडहुकच्या विधिमंडळाने त्याच्या प्रती गोळा करून नष्ट करण्याचा ठराव केला. त्यातून सुटलेली प्रत हाती आली, तर ती कितीही कळकट असली तरी सोडू नये.

प्रत तपासणे. पहिली आवृत्ती ओळखायला नामपृष्ठावरचे साल पुरत नाही. छपाई चालू असताना झालेल्या दुरुस्त्या, बदललेली चित्रे, वगळलेली पाने यांवरून आधीच्या व नंतरच्या प्रती वेगळ्या काढाव्या लागतात. लिव्हिंग्स्टनच्या पुस्तकात मुखचित्र व्हिक्टोरिया धबधब्याचे, घडीचे आहे. काही प्रतींत ते शिळाछापाचे (दगडावरून छापलेले), तर काहींत लाकडी ठशावरून छापलेले आहे. दोन मोठ्या नकाशांपैकी एक मागच्या पुठ्ठ्याच्या खिशात असतो आणि तोच सर्वांत आधी हरवतो. इंग्रज प्रवासी रिचर्ड बर्टनच्या १८५६ च्या पूर्व आफ्रिकेवरील पुस्तकाचे चौथे परिशिष्ट लॅटिनमध्ये होते. मजकूर अश्लील ठरेल या धास्तीने प्रकाशकाने ते बांधणीआधीच काढून टाकले. ते राहून गेलेल्या प्रती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत आणि त्यांची किंमत इतर प्रतींच्या कितीतरी पट होते. पर्सी फिट्झपॅट्रिक यांच्या १९०७ च्या ‘जॉक ऑफ द बुशवेल्ड’ची खूण तर समासातल्या चित्रात आहे. सुरुवातीच्या प्रतींत शेणकिडा पुढच्या पायांनी गोळा ढकलताना दिसतो. चूक लक्षात आल्यावर चित्र बदलले गेले.

तपासणीचा क्रम ठरलेला असावा. पुस्तक फेसाच्या उशीवर किंवा गुंडाळलेल्या टॉवेलवर अर्धे उघडून ठेवावे; टेबलावर सपाट उघडले की जुनी शिवण तुटते. आधी पान न् पान मोजावे आणि फर्म्याच्या (एका कागदाच्या घडीतून झालेल्या पानांच्या जुडग्याच्या) पहिल्या पानाखालची अक्षरे ओळीने येतात का ते पाहावे. मग चित्रांची छापील यादी समोर ठेवून प्रत्येक चित्र व नकाशा जुळवावा. पान कापून नेले असेल, तर शिवणीलगत दोन-तीन मिलिमीटरची पट्टी उरलेली दिसते. एखादा नकाशा संशयास्पद पांढरा वाटला, तर दहापटीचे भिंग लावावे. रंगीत छपाईचे बारीक ठिपके दिसले, तर तो दुसरीकडून आणून चिकटवलेला आधुनिक नकाशा आहे. शेवटी प्रकाशकाच्या जाहिरातींची पाने बांधलेली असतील, तर त्यांवरचे साल पाहावे. पुस्तक १८५७ चे आणि जाहिराती नंतरच्या, म्हणजे पाने जुनी पण बांधणी उशिरा झालेली.

पुण्या-मुंबईच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आफ्रिकेवरील पुस्तके अधूनमधून निघतात. त्यांत मॅकमिलनने १८८६ पासून भारत व वसाहतींसाठी काढलेल्या स्वस्त ‘कलोनियल लायब्ररी’सारख्या मालांतल्या प्रती असतात. लंडनचा ग्राहक पूर्वी त्यांना नाके मुरडायचा. पण आफ्रिकेविषयीचे पुस्तक भारतात कोणी व कुठे वाचले, हे जिमखान्याचा किंवा रेल्वे वाचनालयाचा शिक्का असलेली अशी प्रतच सांगते, म्हणून शिक्के खोडायचे नाहीत.

हस्तलिखिते. पत्र अस्सल आहे की नाही, हे आधी कागद सांगतो. उजेडासमोर धरल्यास इंग्लंडच्या अनेक कागदांत जलचिन्हाबरोबर साल दिसते. पत्रावरची तारीख त्याआधीची असू शकत नाही. अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा झगमगला, तर त्यात साधारण १९५० नंतर वापरात आलेली चकाकीची रसायने आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांत प्रसिद्ध व्यक्तींच्या पत्रांच्या शिळाछाप प्रतिकृती घातलेल्या असत. त्या कापून मूळ पत्र म्हणून विकल्या जातात. भिंगाखाली खऱ्या अक्षराला टाकाच्या दाबाची खाच असते, वळणावर शाई दाटते, रेषा एकमेकींवरून गेलेल्या दिसतात. प्रतिकृतीत सगळी शाई एकसारखी सपाट असते.

कचेऱ्या व पेढ्यांतल्या पत्रांच्या नकला दाबनक्कल वहीत असतात. ताज्या शाईचे पत्र ओलसर केलेल्या अगदी पातळ कागदाखाली ठेवून लोखंडी दाबयंत्रात दाबत. शाई उलटी उमटे आणि पातळ पानाच्या दुसऱ्या बाजूने सुलटी वाचता येई. या वह्यांतली जांभळी-निळी शाई पाण्याच्या एका थेंबाने पसरते, म्हणून सुरकुत्या काढण्यासाठी वाफ वा ओलावा चुकूनही देऊ नये. वाचताना मागे पांढरा कागद सरकवून छायाचित्र घ्यावे.

शाई व कागद दोन्ही संपल्यावर काय होते, याचे उदाहरण म्हणजे लिव्हिंग्स्टनची १८७१ ची रोजनिशी. मध्य आफ्रिकेतल्या मान्येमा प्रदेशात त्याने ‘द स्टँडर्ड’ या वृत्तपत्राच्या पानांवर, छापील ओळींना आडवे, स्थानिक झाडाच्या बियांपासून केलेल्या शाईने लिहिले. ती शाई पुढे जवळजवळ उडून गेली. वेगवेगळ्या तरंगलांबीच्या प्रकाशात छायाचित्रे घेण्याचे तंत्र वापरून २०११ मध्ये ती पाने पुन्हा वाचता आली. न्यांग्वेच्या बाजारात झालेल्या कत्तलीची त्यातली मूळ नोंद आणि त्याच्या मृत्यूनंतर १८७४ मध्ये संपादित होऊन छापली गेलेली नोंद यांत फरक आहे. छापील पुस्तक असूनही हस्तलिखित का जपायचे, याला हा एक दाखला पुरे.

याच प्रवासातला दुसरा कागद आपल्याला जवळचा आहे. लिव्हिंग्स्टनचा मृत्यू झाला तेव्हा त्याच्या ताफ्यात असलेला जेकब वेनराइट हा गुलामीतून सुटलेला आफ्रिकी तरुण नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशन आश्रमात शिकला होता. चितांबोच्या गावातल्या झाडावर मृत्यूची नोंद त्यानेच कोरली. शव किनाऱ्यापर्यंत नेण्याच्या प्रवासाची इंग्रजी रोजनिशीही त्याने लिहिली, आणि ती स्कॉटलंडमध्ये ब्लँटायर येथील लिव्हिंग्स्टन संग्रहालयात आहे. नामांकित प्रवाशांच्या मागे लागलेला बाजार अशा माणसांच्या कागदांकडे कमी पाहतो. संग्राहकाने नजर वळवावी ती इथे.

मालकीचा माग. कागद कोणाच्या हातून कोणाकडे आला, याची साखळी लेखी मागितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. इथिओपियाचे उदाहरण कठोर आहे. जनरल नेपियरची फौज १८६८ मध्ये मुंबईहून जहाजांनी गेली, १३ एप्रिलला मगदालाचा डोंगरी किल्ला पडला आणि तेवोद्रोस सम्राटाने जमवलेली, गीझ या इथिओपियाच्या प्राचीन भाषेतली शेकडो हस्तलिखिते लुटली गेली. लुटीचा लिलाव छावणीतच झाला. सुमारे साडेतीनशे हस्तलिखिते आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत, उरलेली सैनिकांच्या घरांतून विखुरली. चामड्यावरचे गीझ हस्तलिखित ‘आजोबांनी मोहिमेतून आणले’ अशा ओळीसह विक्रीला आले, तर ती ओळ मालकी सिद्ध करत नाही, लूट सिद्ध करते.

सरकारी कागदांचा धोका निराळा. पानाला फाइलीची भोके, लाल फितीचा वण, सचिवालयाचा क्रमांक असेल आणि कचेरीने ते निकालात काढल्याचा कागद नसेल, तर ते अभिलेखागारातून गेलेले असू शकते. शिक्का खरवडलेला दिसला की व्यवहार तिथेच थांबवावा. ब्रिटनने वसाहती सोडताना हलवलेल्या सुमारे ८,८०० फायली इंग्लंडमध्ये हॅन्स्लोप पार्क येथे दडवल्या होत्या. केनियातील ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या माउ माउ उठावासंबंधीच्या खटल्यामुळे २०११ मध्ये त्या उघड झाल्या व २०१२ पासून लंडनमधील क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात खुल्या झाल्या. अनेक फायली तर जागच्या जागी जाळल्या गेल्या, त्यामुळे त्या काळातले सुटे कार्यालयीन पानही इतिहासकाराला दाखवल्याशिवाय खाजगी कपाटात बंद करणे योग्य नाही.

लिलावात हातोडीच्या भावावर साधारण २५ टक्क्यांच्या आसपास खरेदीदाराचे शुल्क, शिवाय कर, विमा व पाठवणीचा खर्च येतो. ब्रिटनमधून ५० वर्षांपेक्षा जुने हस्तलिखित बाहेर नेण्यास निर्यात परवाना लागतो. भारतात १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ७५ वर्षांपेक्षा जुने, ऐतिहासिक वा वाङ्मयीन मूल्य असलेले हस्तलिखित पुरावस्तू ठरते. ते खाजगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही व त्याच्या विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो.

जतन. कागदाला १८ ते २० अंश तापमान आणि ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. ६५ टक्क्यांच्या वर बुरशी धरते. कोकणात, गोव्यात व मुंबईत पावसाळाभर हवा याच्या बरीच वर असते. त्यामुळे कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, आत आर्द्रतामापक ठेवावा आणि सिलिका जेल रंग बदलताच तापवून पुन्हा वापरावी. कसर किंवा किड्याची शंका आल्यास पुस्तक पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवावे. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नये, नाहीतर दव थेट पानांवर बसते. लोहयुक्त शाईची अक्षरे कागद खात जातात. त्यावर लॅमिनेशन किंवा चिकटपट्टी म्हणजे कायमचे नुकसान. फाटलेल्या कडेला जपानी तंतुकागद व गव्हाच्या सत्त्वाची खळ, तीही जाणकाराच्या हातून.

बाड हाती येताच आधी ते जसे बांधले आहे तसे छायाचित्र घ्यावे, मग सोडावे. कागदांचा मूळ क्रम हीच माहिती असते. मागच्या बाजूच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने क्रमांक घालावा. पाकिटे फेकू नयेत, तिकिटे कापू नयेत. टपालाचा शिक्का कित्येकदा पत्रावर नसलेली तारीख व गाव देतो. नकाशे सुटे विकण्यासाठी पुस्तक फोडणे हा या धंद्यातला सर्वांत वाईट प्रकार.

भारतातील साठे. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्याहून चाले, त्यामुळे तेथील पोर्तुगीज पत्रव्यवहार पणजीच्या पुराभिलेखागारात आहे. बर्टनने झांझिबारवर लिहिलेले हस्तलिखित लंडनला जाण्याऐवजी मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या तिजोरीत पडून राहिले. ते १८६५ मध्ये सापडले आणि पुस्तक निघाले १८७२ मध्ये. डरबनजवळच्या फिनिक्स वसाहतीत छापलेल्या गांधीजींच्या गुजराती ‘हिंद स्वराज्य’वर मुंबई सरकारने १९१० मध्ये बंदी घातली. त्या पहिल्या छपाईची प्रत आफ्रिकाना व भारतीय राष्ट्रवाद, दोन्ही संग्रहांत वरच्या मानाची आहे.

पूर्व आफ्रिकेत कारकुनी, रेल्वे व दुकानदारी करणाऱ्या गोवेकर व इतर भारतीय कुटुंबांचे कागद सर्वांत कमी गोळा झाले आहेत. ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडातून ९० दिवसांत बाहेर पडताना बहुतेकांना कागदपत्रे मागेच टाकावी लागली. जे आले ते पासपोर्ट, नेमणुकीची पत्रे, क्लबांच्या स्मरणिका, दुकानाच्या खतावण्या अशा रूपात. हे कागद विकत घेण्यापेक्षा कुटुंबाकडेच राहू देऊन स्कॅन करणे बहुधा चांगले: निदान ३०० डीपीआय, पाठपोट, पाकिटासह, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांकडून छायाचित्रांतली नावे व गावे त्याच बैठकीत लिहून घेऊन.