दोनच्या आधी दहा : भाषांतराच्या यादीतला जुना घोळ

भाषांतराच्या प्रोग्रॅमात १ ते ४० नावाच्या चाळीस फाइली टाकल्या की यादी १, १०, ११ अशी १९ पर्यंत जाते आणि मग २ उगवतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कन्नडमधून मराठी करणाऱ्यांना ही यादी पाठ आहे.

मूळ जुने आहे. १९६३च्या आस्की संकेतात, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक चिन्हाला एक संख्या देणाऱ्या तक्त्यात, अंकांनाही अक्षरांसारखीच ठरावीक स्थाने मिळाली. नावांची तुलना डावीकडून एकेका चिन्हाची होते, त्यामुळे दहा आणि दोन यांचा निकाल पहिल्याच चिन्हावर लागतो. थोडक्यात, आकडेही अकारविल्हे लागतात.

मराठीत शब्दाचाही गुंता आहे. मेनूत 'क्रमवारी लावा' असते, पण क्रमवारी चिन्हांची की किमतीची, हे त्यातून कळत नाही. अक्षरांसाठी 'अकारविल्हे' हा नेमका शब्द आहे, आकड्यांसाठी तसा रुळला नाही. कुणी 'क्रमांकानुसार' लिहितो, पण क्रमांक ही नुसती ओळखही असते, जसा गाडीचा क्रमांक. 'अंकमूल्यानुसार' जड वाटला तरी फसवत नाही. मी तोच वापरतो.

तक्रारी वाढल्या त्या २००१ नंतर. विंडोज एक्सपीच्या फोल्डरात २ नंतर ३ आणि ९ नंतर १० दिसू लागले, भाषांतराच्या अनेक प्रोग्रॅमांत मात्र जुनाच क्रम राहिला. फोल्डर एकच, क्रम दोन. दीर्घ अहवालाचे तुकडे असले की याचा फटका बसतो. एखादी संज्ञा पहिल्यांदा दुसऱ्या भागात समजावलेली असते, आणि भाषांतरकार तिला आधी दहाव्या भागात गाठतो. तिथे केलेला अंदाज भाषांतर-स्मृतीत, म्हणजे प्रोग्रॅम जुनी भाषांतरे साठवतो त्या साठ्यात, जातो आणि पुढच्या प्रत्येक ओळीत सुचवला जातो.

यावर नेहमीचा सल्ला म्हणजे ०१, ०२ असे शून्य लावा. स्वतःच्या फाइलींना तो ठीक आहे. पण काम देणाऱ्याला नावे जशीच्या तशी परत हवी असतात. जमिनीच्या कागदांत '१२-३' म्हणजे सर्व्हे नंबर बारा, हिस्सा तीन. ते नाव बदलायचा अधिकार भाषांतरकाराला कुणी दिला? अंकमूल्याच्या लावणीत '१' आणि '०१' सारखेच ठरतात, हा आक्षेप खरा आहे. पण तिथे मूळ नावाने निवाडा करता येतो.

सीमाभागात अडचण तिप्पट. इथे कारभार कन्नडचा आणि मराठी प्रतीची मागणी सततची, म्हणून एकाच फोल्डरात इंग्रजी, देवनागरी आणि कन्नड अंक येतात. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांच्या संकेतात, त्यांच्या जागा याच क्रमाने वेगवेगळ्या आहेत. नुसत्या संकेतक्रमाने लावले तर कन्नड अंकातला पहिला भाग देवनागरी चाळीसाव्याच्याही मागे जातो. प्रोग्रॅम लिहिण्याच्या भाषांतही फरक आहे: जावात मजकुरातला अंक ओळखण्याचे नेहमीचे चिन्ह (\d), वेगळे सांगितल्याशिवाय, फक्त इंग्रजी अंक धरते; पायथन ३ मध्ये तेच चिन्ह तिन्ही लिप्यांचे अंक धरते. म्हणून 'अंकमूल्यानुसार' लावणारा प्रोग्रॅम मिळाला तरी आधी त्यात २ आणि १० नावाच्या देवनागरी फाइली घालून पाहाव्या लागतात, मग तशाच दोन कन्नड अंकांच्या.